टनामागे एक रुपया, श्वासामागे किती?

सांगली

चि. बाळ,



तुझं पत्र मिळालं. नोकरी लागल्यावर दरवर्षी पगारातला काही भाग फुप्फुसांच्या आजारांसाठी बाजूला काढायचा असं तू ठरवलंस, हे वाचून समाधान वाटलं. त्यामागचं कारण तू लिहिलं नसतंस तरी मला कळलं असतं. तुझ्या बाबांचा खोकला मीही ऐकते. तुझा प्रश्न असा आहे की हे पैसे एखाद्या गरीब रुग्णाच्या ऑक्सिजनच्या यंत्राला द्यावेत की संशोधनाला. यंत्र दिलं तर माणूस डोळ्यांसमोर दिसतो, संशोधनाला दिले तर पैसे कुठे गेले तेच कळत नाही, असं तू म्हणतेस.

उत्तर आधी सांगते. निम्मे रुग्णाला दे, निम्मे संशोधनाला दे. आणि संशोधनाला देशील ते आपल्या सांगली-साताऱ्याच्या फुप्फुसांवर खर्च व्हावेत असा आग्रह धर. मी जन्मभर छातीच्या रुग्णांत वावरले, त्यांना औषधं दिली, ऑक्सिजन लावला. निम्मे पैसे रुग्णाकडून काढून दुसरीकडे द्यायला मी का सांगते, ते नीट समजावून घे.

आपल्या दोन जिल्ह्यांपासूनच सुरुवात करू. क्षयावर औषध नव्हतं तेव्हा देशभरातले रुग्ण आपल्याकडे यायचे. डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये पाचगणीला बेल-एअर सॅनेटोरियम काढलं. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले, १८९४ मध्ये मिरजेला त्यांचं रुग्णालय उभं राहिलं, आणि पुढे सांगली-मिरज रस्त्यावर क्षयरुग्णांचं सॅनेटोरियम झालं. ती वस्ती आजही वानलेसवाडी म्हणूनच ओळखली जाते. कोरडी हवा, पूर्ण विश्रांती, दूध, अंडी आणि उन्हं, असा तेव्हाचा उपचार होता. काही रुग्णांच्या छातीत हवा भरून रोगट फुप्फुस मिटवून ठेवत, काहींच्या बरगड्या काढत. महिनोन् महिने, कधी वर्षभर, माणूस घरापासून दूर एका खाटेवर पडून असे.

त्या काळात क्षयासाठी दान करायचं म्हणजे खाट, खोली किंवा व्हरांडा बांधून द्यायचा. ज्यांनी दिलं त्यांचं मन मोठं होतं, आणि ज्या डॉक्टर-परिचारिकांनी तिथे हयात घालवली त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. पण खाटा शेकड्यांनी होत्या आणि रुग्ण लाखांनी. कितीही दान आलं असतं तरी त्या वाटेने हा हिशोब जुळणारा नव्हता.

तो जुळला प्रश्न विचारल्याने. रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवला, तरी त्यावर चालणारं औषध हाती यायला साठ वर्षं गेली. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं तेव्हा युद्धाने खंगलेल्या ब्रिटनला ते सगळ्यांना पुरेल इतकं विकत घेणं परवडत नव्हतं. म्हणून तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सरकारी पैशातून एक चाचणी केली. कोणाला औषध मिळेल आणि कोणाला केवळ विश्रांती, हे डॉक्टरच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी ४ दगावले, विश्रांतीवरच्या ५२ पैकी १४. १९४८ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. त्या चाचणीची आखणी करणाऱ्या ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने पुढे रिचर्ड डॉल यांच्यासोबत सिगारेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध दाखवून दिला. दोन्ही कामं सार्वजनिक पैशावर झाली.

आता आपल्या देशाकडे ये. १९५६ मध्ये मद्रासला एक केंद्र सुरू झालं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची तीच परिषद, अशा चौघांनी मिळून ते चालवलं. डॉ. वॉलेस फॉक्स तिथे होते. त्यांचा प्रश्न सरळ होता. औषधं आता आली आहेत, मग रुग्णाला सॅनेटोरियममध्ये ठेवायलाच हवं का? शहरातल्या गरीब वस्तीतले रुग्ण घेतले. निम्म्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं. निम्म्यांना त्यांच्याच घरी ठेवून वर्षभर तीच औषधं दिली. घरच्या रुग्णांना जेवण बेताचं होतं, घर दाटीचं होतं, विश्रांती कमी होती. तरी बरं होण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. घरात रुग्ण ठेवल्याने बाकीच्यांना लागण जास्त होते का, हेही त्यांनी पुढची वर्षं तपासलं. तशी ती झाली नाही. १९५९ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि जगातल्या सॅनेटोरियमांचे दिवस संपत आले. घरी राहून गोळ्या घेण्याची आजची सारी पद्धत त्या एका अभ्यासावर उभी आहे.

त्या अभ्यासात पाहिलेले रुग्ण दोनशेच्या आत होते. त्या मोजक्या माणसांनी आणि त्यांचे हिशोब ठेवणाऱ्यांनी लाखो लोकांना घरी राहून बरं होण्याची वाट मोकळी केली. पाचगणीला खाट मिळण्याइतकं नशीब किंवा पैसा ज्यांच्याकडे नव्हता, अशा माणदेशातल्या, जतमधल्या, पाटणच्या डोंगरातल्या माणसांनाही. दानाने बांधलेल्या खाटेवर एका वेळी एकच माणूस झोपतो. मद्रासचं उत्तर देशातल्या प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला आलं. पैसे कुठे गेले ते दिसत नाही, असं तू म्हणालीस ना, ते असे गेले.

यातून कोणी असा अर्थ काढेल की सॅनेटोरियमवाल्यांचं दूध-अंडी हे खूळच होतं. तसं नाही, आणि हेही संशोधनानेच सांगितलं. औषध सुरू असताना रुग्णाचे जंतू मरण्याला आहाराने फार फरक पडत नाही, एवढंच मद्रासने दाखवलं होतं. पण घरातल्या बाकीच्या माणसांना, ज्यांना अजून रोग झालेला नाही, त्यांना पोटभर खायला मिळालं तर क्षय टळतो का? हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो नेमका असा विचारायला २०१९ साल उजाडावं लागलं. झारखंडच्या चार जिल्ह्यांत डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी २,८०० रुग्णांच्या घरातल्या दहा हजारांवर माणसांचा अभ्यास केला. सगळ्या रुग्णांना शिधा दिला. निम्म्या घरांत रुग्णाखेरीज बाकीच्यांनाही तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वं दिली. त्या घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं, आणि संसर्ग पसरवणाऱ्या क्षयाचं जवळपास निम्म्यावर आलं. २०२३ मध्ये हे लॅन्सेटच्या नियतकालिकांत आलं. पैसा आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने दिला होता. तांदूळ आणि डाळ ही क्षयावरची लस ठरू शकते, हे भुकेल्या देशाला कळण्यासाठी कोणीतरी बसून मोजावं लागतं.

करोनाच्या दिवसांत तू कॉलेजात होतीस. आपल्या गल्लीतली मुलं प्लाझ्मा देणारा माणूस शोधत रात्रभर फोन लावत होती, ते तुला आठवत असेल. त्यांच्या धडपडीला नावं ठेवायची नाहीत. पण त्याच २०२० मध्ये आपल्या देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चाचणी झाली, आणि प्लाझ्माने ना आजार बळावणं थांबतं ना मृत्यू टळतो, हे दिसलं. दुसरीकडे ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीने दाखवलं की डेक्सामेथासोन हे आपल्या कुठल्याही तालुक्याच्या दुकानात मिळणारं स्वस्त औषध व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी करतं. कशामागे धावायचं आणि कशामागे नाही, हे संशोधन नसेल तर गर्दी ठरवते. त्या धावण्यात गरीब घरं कर्जात जातात.

आता आपल्या भागाचं बोलते. हे पत्र लिहायला बसले ते मुख्यतः याच्यासाठी.

भारतात जगाची साधारण १८ टक्के लोकसंख्या आहे. पण दमा, सीओपीडी (श्वासनलिकांत कायमचा अडथळा येण्याचा आजार) अशा दीर्घ श्वसनविकारांनी जगात जेवढं निरोगी आयुष्य वाया जातं, त्यातला ३२ टक्के भाग २०१६ मध्ये आपल्या वाट्याला आला. त्याच वर्षी देशात सीओपीडीचे साडेपाच कोटी रुग्ण होते. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या डॉ. संदीप साळवी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एकाच दिवशी देशभरातल्या हजारो डॉक्टरांकडे आलेल्या दोन लाखांवर रुग्णांची नोंद घेतली. त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक जणांना श्वसनाची काही ना काही तक्रार होती. धूम्रपान न करणाऱ्यांनाही सीओपीडी होतो, हे डॉ. साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये जगापुढे ठामपणे मांडलं होतं. जन्मात विडी न ओढलेल्या बायका चुलीच्या धुराने धापा टाकताना मी रोज पाहिल्या. पाश्चात्त्य पुस्तकांत या आजाराची पहिली ओळ सिगारेट असायची. आपल्याकडे चूल, गुऱ्हाळाचं चुलवाण आणि ऊसतोड्यांच्या कोपीपुढची तीन दगडांची आग असते. पुस्तक दुसऱ्याच्या फुप्फुसावरून लिहिलं तर आपली बाई त्यात सापडत नाही.

आपली फुप्फुसं आपल्या धंद्यांनी घडलेली आहेत. तू घरातलंच उदाहरण घे. खानापूर, आटपाडी, तासगाव, खटाव, माण या दुष्काळी पट्ट्यातली घरंच्या घरं गलाईच्या धंद्यात देशभर पसरली. तुझे बाबा त्यांतलेच. सोनं-चांदी शुद्ध करायला मुशीत वितळवायची, तेजाबात टाकायची. चांदी नायट्रिक आम्लात विरघळते तेव्हा तपकिरी-लाल धूर निघतो. तो वायू पाण्यात सहज विरघळत नाही, त्यामुळे नाका-घशात फारसा झोंबत नाही आणि सरळ फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो. जास्त प्रमाणात गेला तर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी भरतं. त्यातून वाचलेल्या माणसाच्या बारीक श्वासनलिका पुढच्या काही आठवड्यांत व्रण पडून आकसू शकतात. हे वैद्यकाला माहीत आहे. पण बंद खोलीत, रोज थोडा थोडा, वीस-तीस वर्षं हा धूर घेणाऱ्या कारागिराचं काय होतं, याचं उत्तर गलाईवाल्यांनाच मोजून मिळेल. आणि ते विखुरलेले आहेत. एक कोइमतूरला दम्याचा रुग्ण म्हणून नोंदला जातो, दुसरा पंजाबात टीबीच्या गोळ्या खातो, तिसरा केरळात न्यूमोनिया म्हणून दाखल होतो. तिघे एकाच तालुक्याचे, एकाच धंद्यातले आहेत, हे कुठल्याच डॉक्टरला दिसत नाही.

ऊस घे. गाळप झाल्यावर उरलेला चोथा, म्हणजे बगॅस, ओलसर ढिगात तापतो, त्यात बुरशीसारखे जिवाणू वाढतात. ते वाळल्यावर उडणाऱ्या धुळीने फुप्फुस सुजतं. अमेरिकेतल्या लुइझियानात १९४१ मध्ये या आजाराची पहिली नीट नोंद झाली. पुढे तिथल्या कागद कारखान्यात बगॅस साठवण्याची आणि हाताळण्याची पद्धत बदलली आणि आजार नाहीसा झाला. ताप, खोकला, धाप असं त्याचं रूप असतं, म्हणजे आपल्याकडे तो टीबी किंवा न्यूमोनिया समजला जाण्याची भीती मोठी.

द्राक्षं घे. तासगावचा बागायतदार दावण्या येऊ नये म्हणून बोर्डो मारतो, मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण. पोर्तुगालमध्ये १९६९ मध्ये पिमेंटेल आणि मार्क्वेस या दोन डॉक्टरांनी असंच मिश्रण फवारणाऱ्या द्राक्षमजुरांच्या फुप्फुसात तांबं साचून गाठी झालेल्या दाखवल्या, आणि हा धंद्याचा नवा आजार म्हणून थोरॅक्स या नियतकालिकात मांडला. रोग पोर्तुगालच्या मजुरांच्या नावे जगाला कळला, कारण तिथे कोणीतरी विचारलं की हा माणूस काम काय करतो. बेदाण्याला गंधकाची धुरी देणाऱ्या बाईला आणि गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं सारणाऱ्या जळव्यालाही हाच प्रश्न विचारायला हवा.

संशोधन म्हटलं की तुझ्यासमोर कोट्यवधींची यंत्रं येत असतील. तशी लागतात, पण सगळीकडे नाही. गलाईचा अभ्यास कसा करता येईल ते सांगते. गलाईवाले जत्रेला गावी येतात. त्या आठवड्यात गावात स्पायरोमीटर लावायचा. माणसाने छातीभर श्वास घ्यायचा आणि जोर लावून सोडायचा. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते आणि एकूण किती, याचं प्रमाण पाहायचं. नलिका मोकळ्या करणारं औषध देऊनही ते ७० टक्क्यांच्या खाली राहिलं तर अडथळा आहे. आता तुलना कोणाशी करायची? तुझे बाबा तेजाबावर गेले आणि तुझे काका शेतीत राहिले. एकच आई, एकच घर, लहानपणी एकाच चुलीचा धूर. असे भाऊ प्रत्येक गावात आहेत. किती वर्षं धंदा केला, खोलीला खिडकी होती का, विडी-सिगारेट होती का, टीबी होऊन गेला का, हे लिहून घ्यायचं. आणि पुढच्या जत्रेला, त्याच्या पुढच्या जत्रेला, तीच माणसं पुन्हा तपासायची.

एक चांगला स्पायरोमीटर मोटारसायकलच्या किमतीच्या आसपास येतो. खरा खर्च माणसांचा असतो. फुंकर नीट मारून घेणारा तंत्रज्ञ, घरोघर जाणारी ताई, नोंदी जपणारा माणूस, आकडे तपासणारा संख्याशास्त्रज्ञ, आणि पाच-दहा वर्षं यांना टिकवून ठेवणारा पगार. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने वढू भागातल्या २२ गावांतल्या माणसांची नोंद २००२ पासून सातत्याने ठेवली, म्हणून तिथे एकामागून एक अभ्यास उभे राहू शकले. इमारतीला देणगीदार मिळतो, कोनशिलेवर नाव येतं. नोंदवही सांभाळणाऱ्या ताईच्या पगाराला देणगीदार मिळत नाही. तुझे पैसे तिथे जावेत असं मला वाटतं.

आपल्या देशाने २०२०-२१ मध्ये सगळ्या प्रकारच्या संशोधनावर मिळून सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के खर्च केला. सरकारने तो वाढवायलाच हवा आणि तो आग्रह सोडायचा नाही. पण आपल्या भागाला संशोधनासाठी पैसे उभे करता येत नाहीत, हे मला कोणी सांगू नये. १९७५ मध्ये सहकारी साखर कारखान्यांनी मांजरीला उसाच्या संशोधनाची संस्था काढली. आज ती आपल्या पद्माळ्याच्या वसंतदादा पाटलांच्या नावाने चालते. कारखाने तिला गाळपाच्या टनामागे एक रुपया देत आले. कुठली जात किती उतारा देते, कुठल्या रोगाला कुठली जात टिकते, हे कळण्यासाठी शेतकऱ्याच्या उसातून पैसा गेला, आणि तो गेला याचा शेतकऱ्याला फायदा झाला. त्याच्याही आधी, १९१९ मध्ये, कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि घरोघरच्या मूठ-मूठ धान्यावर वसतिगृहं चालवली. कराडचं कृष्णा रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं ते जयवंतराव भोसल्यांच्या पुढाकाराने, कृष्णाकाठच्या सहकारातून. मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉक्टर आहेत, रुग्ण आहेत, पैसे गोळा करण्याची रीतही आहे.

मग मी एवढंच विचारते: उसाच्या रोगासाठी टनामागे एक रुपया, तर ऊस तोडणाऱ्याच्या, वाहणाऱ्याच्या आणि बगॅस ओढणाऱ्याच्या फुप्फुसासाठी टनामागे दहा पैसे का नकोत? दहा लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याचे वर्षाला एक लाख होतात. दोन जिल्ह्यांतले कारखाने मिळून एक कायमचं अभ्यास पथक पोसू शकतात. गलाईवाल्यांच्या संघटना आहेत, द्राक्ष बागायतदारांचा संघ आहे, बँका आणि पतसंस्था आहेत. मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं कायद्याने बंधनकारक आहे. तू ज्या कंपनीत आहेस तिथे हा पैसा कुठे जातो ते विचार.

पैसे देताना डोळे मात्र उघडे ठेव. पहिलं, प्रश्न काय आहे ते एका वाक्यात सांगता येतं का ते बघ. दुसरं, संस्थेची नीतिमत्ता समिती आहे का, आणि रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून संमती घेतली जाते का ते विचार. तिसरं, औषधाची चाचणी असेल तर ती भारताच्या चाचणी नोंदणीत आहे का ते पाहा. ही नोंदणी २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून सक्तीची झाली. चौथं, उत्तर मनाजोगं आलं नाही तरी ते छापलं जाईल, अशी लेखी हमी माग. प्लाझ्मा उपयोगी नाही, हेही उत्तरच होतं.

पाचवी गोष्ट जरा कठोर आहे. पैसा देणाऱ्याचा हितसंबंध तपास. अमेरिकेत सिगारेट कंपन्यांनी १९५४ मध्ये स्वतःची संशोधन समिती काढली आणि पुढची अनेक वर्षं धूम्रपानाच्या धोक्यांबद्दल शंका पेरण्यासाठी ती वापरली. कारखान्याचे दहा पैसे जरूर घ्यावेत, पण प्रश्न कोणता विचारायचा आणि निष्कर्ष कधी छापायचा, हे ठरवायला कारखान्याचा माणूस बसता कामा नये. पैसा वेगळ्या विश्वस्त खात्यात जावा आणि हिशोब दरवर्षी गावच्या भाषेत जाहीर व्हावा. नाहीतर लोकांचा विश्वास उडेल, आणि मग कोणी फुंकर मारायलाही येणार नाही.

पैशाव्यतिरिक्तही तुला बरंच करता येईल. तू आकड्यांच्या धंद्यात आहेस. ग्रामीण भागातल्या डॉक्टरला आकडे मांडून देणारा माणूस मिळत नाही, तिथे शनिवार-रविवार दे. आपल्या नात्यात कोणी वैद्यकीयला असेल तर त्याला सांग की विद्यार्थिदशेतच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची छोट्या अभ्यासाची शिष्यवृत्ती मिळते, आणि गलाई हा विषय आपल्या अंगणातला आहे. बाबांना तपासून घे. डॉक्टरने काही विचारलं नाही तरी त्यांना सांगायला लाव: मी तेजाबावर काम केलं, इतकी वर्षं केलं. रुग्णाच्या कागदावर त्याचा धंदा लिहिला जाणं ही आपल्या भागातल्या संशोधनाची पहिली पायरी आहे, आणि तिला एक पैसाही लागत नाही.

निम्मे पैसे रुग्णाला द्यायचे ते का, असंही तू विचारशील. आज ज्याला धाप लागली आहे त्याला पुढच्या दहा वर्षांचं उत्तर उपयोगाचं नाही. क्षयरुग्णाला सरकारकडून पोषणासाठी महिना हजार रुपये मिळतात, त्याच्या घरातल्यांच्या ताटात आणखी डाळ पडली तर काय होतं ते तू वर वाचलंस. एखाद्या घराची नि-क्षय मित्र हो, म्हणजे सरकारच्या योजनेतून त्या घराला शिध्याची मदत देणारी. त्या घराला शिधा देशील तेव्हा झारखंडच्या अभ्यासाचं फळच त्यांच्या हाती देत असशील.

या पैशाचं फळ तुला लगेच दिसणार नाही. मद्रासच्या त्या अभ्यासाला ज्यांच्या करातून पैसे गेले, त्यांतल्या बहुतेकांना तो अभ्यास झाल्याचंही कळलं नसेल. तरी त्यांच्यामुळे आपल्या गावातल्या किती आया घरी राहून बऱ्या झाल्या. आता पाळी आपली आहे. आपल्या माणसांनी देशाचं सोनं-चांदी शुद्ध केलं, देशाला साखर दिली, द्राक्षं दिली. ते करताना त्यांनी छातीत काय घेतलं, याचा हिशोब बाहेरचं कोणी येऊन मांडणार नाही. तो आपणच मांडायचा आहे, आणि त्यासाठी लागणारे पैसे आपल्याच भागात आहेत. येत्या जत्रेला गावच्या बैठकीत हा विषय तू स्वतः काढ. मी शेजारी बसेन, पण बोलायचं तू.

कळावे.

तुझी,
आत्या